परसातले प्रश्न : बुकेची फुलं बियांपासून

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचा हा अंक, त्यामुळे माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताबद्दल, प्रश्न येतील असं वाटलेलं, पण या वेळी पत्रांचा ढीग आला तो कापायच्या फुलांचा. म्हणजे झाडावर बघायची नाहीत, दांडीसकट कापून फुलदाणीत, बुकेत लावायची. सगळ्यांनाच उत्तरं देणं शक्य नाही, सात निवडलेत. माझ्याकडून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकाल: पाकिटावरचा रंग नंतर बघा, आधी उंची बघा, आणि पेरायच्या आधी कॅलेंडर काढून उलटे दिवस मोजा.

ताई, मुलीचं लग्न २८ डिसेंबरला आहे. हातातला बुके आणि रिसेप्शनच्या टेबलांवरची फुलं घरचीच हवीत असा तिचा हट्ट. घरामागे चिऱ्यांच्या कंपाउंडला लागून उन्हाची जागा आहे. काय पेरू, कधी पेरू? (एक आई, डिचोली)

हट्ट गोड आहे, आणि तुम्ही वेळेवर विचारलंत हे त्याहून बरं, नाहीतर नोव्हेंबरच्या शेवटी पत्र येतं की ताई महिन्याभरात काय येईल, तेव्हा मी फक्त कोथिंबीर म्हणू शकते.

२८ डिसेंबरपासून मागे या. सगळ्यात जास्त दिवस लागतात चायना अ‍ॅस्टरला, पेरल्यापासून साधारण १०० ते ११० दिवस, म्हणजे १० सप्टेंबरच्या आसपास बी पडायलाच हवं. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतोच, म्हणून पेरणी ओसरीवर नाहीतर पत्र्याच्या शेडच्या कडेला, ट्रेमध्ये. चार-पाच पानांची रोपं व्हायला महिना-सव्वा महिना जातो, तोवर ऑक्टोबर अर्धा होतो, पाऊस पाय काढता घेतो आणि रोपं बाहेर जमिनीत जायला तयार असतात. अगदी जुळून येतं. जाती विचाराल तर बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का कामिनी (गडद गुलाबी) आणि अर्का पूर्णिमा (पांढरी), किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले गणेश मालिका, त्यात व्हाइट, पिंक, व्हायोलेट, पर्पल असे रंग मिळतात. एकच सांगते, अ‍ॅस्टरचं बी फार लवकर म्हातारं होतं, गेल्या वर्षीचं उरलेलं पाकीट कुणी प्रेमाने दिलं तरी त्याच्यावर लग्न टाकू नका.

बटन फुलं (गोम्फ्रेना) सप्टेंबरच्या मध्याला. त्याच्या बियांना कापसासारखी लव असते, रात्रभर भिजवून पेरा, उगवायला दहा-बारा दिवस घेतं, धीर धरा. तुऱ्याचा कोंबडा (सेलोशिया) ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. झिनिया २० ऑक्टोबरला एक वाफा आणि १ नोव्हेंबरला दुसरा, झिनिया आपल्या हवेत दोन महिन्यांच्या आत फुलते पण शेंडा खुडला की आठ-दहा दिवस पुढे जाते, ते धरून चाला.

आणि सूर्यफूल. ते मात्र एकदम पेरू नका हो. मी एका वर्षी भाचीच्या साखरपुड्यासाठी शंभर बिया एकाच सकाळी टोचल्या, आणि सगळीच्या सगळी कार्यक्रमाच्या सहा दिवस आधी फुलली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत फिरले आणि साखरपुड्याला बाजारातून जर्बेरा आणला. बुकेसाठी पराग न सांडणारी, एका दांडीवर एकच फूल देणारी हायब्रीड घ्या, ती ५० ते ६० दिवसांत येतात. तुमच्यासाठी २८ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर आणि ७ नोव्हेंबर अशा तीन पेरण्या. दोन बियांत वीतभरच अंतर ठेवा, जवळ लावलं की फूल ताटाएवढं न होता हातात मावेल एवढंच राहतं, बुकेला तेच हवं. ह्याचा शेंडा कधीच खुडायचा नाही, खुडलात तर फूलच गेलं.

आता जी गोष्ट सगळे विसरतात ती, भराव. नुसती मोठी मोठी फुलं एकत्र बांधली की बुके भाजीच्या जुडीसारखा दिसतो. मधे हलकं काहीतरी लागतं आणि त्यासाठी दुकानातून जिप्सोफिला आणायची गरज नाही, ऑक्टोबरच्या शेवटी शेपू आणि धणे पेरा आणि भाजीसाठी न काढता फुलू द्या. शेपूची पिवळट छत्री आणि धण्याची पांढरी जाळी, ज्यांनी कधी बघितली नाही ते विचारतात हे कुठलं इम्पोर्टेड फूल म्हणून! हिरव्यासाठी सब्जाची फुलोऱ्यावर आलेली दांडी घ्या, वास पण छान. बाकी अरेका पामची पानं, फर्न, क्रोटन तुमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) असतीलच.

जागेबद्दल. चिऱ्याची लाल माती म्हणजे आंबट, पावसाने तिच्यातला सगळा कस धुऊन नेलेला असतो. माती तपासून घ्या, विभागीय कृषी कार्यालयात विचारलंत तर ते सांगतील नमुना कसा काढायचा. चुना लागला तर तो आधी आणि शेणखत दोन-तीन आठवड्यांनी, एकाच दिवशी दोन्ही मिसळलंत तर खतातला नत्र वास होऊन उडून जातो. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, गादीवाफा, कारण ऑक्टोबरात एखादी सर येतेच. कंपाउंडला चिकटून लावू नका, दुपारनंतर चिरे तापतात आणि जिथे हवा खेळती नसते तिथेच भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) बसते. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्यात झिनियाची चाळीसेक झाडं बसतात आणि एका हातातल्या बुकेला वीस-पंचवीस दांड्या लागतात, त्यावरून टेबलांचा हिशोब तुम्हीच करा, आणि जो येईल त्याच्या दीडपट लावा.

शेवटचं, जरा कडू. फूलवाल्याला थोडी ऑर्डर देऊनच ठेवा. मुलीला सांगू नका हवं तर. एका रात्रीत माकडं येतात, मोर येतात (आमच्याकडे मोरांनी अ‍ॅस्टरची कोवळी रोपं सॅलडसारखी खाल्लीत), आणि लग्नाच्या दिवशी आईने रडायचं ते पाठवणीला, फुलांसाठी नाही.

ऑनलाइन झिनियाचं पाकीट मागवलं, फोटोत लांबलचक दांड्या, माझ्याकडे घोट्याएवढी झाडं आणि दोन इंचाची दांडी. कॉसमॉसचं पण तसंच. माझं काय चुकलं? (चौथा मजला, पणजी)

झिनियात तुमचं काही चुकलं नाही, पाकीट चुकलं. बाजारात मिळणारी बरीचशी झिनिया कुंडीसाठीची बुटकी असते आणि फोटो छापणाऱ्याला कुठली पण झिनिया चालते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात उंची असते ती बघा, ६० सेंटीमीटरच्या खाली असेल तर ती कापायची नाही, बघायची. 'ड्वार्फ' किंवा 'बेडिंग' लिहिलेलं असेल तर परत ठेवा. उंचीच लिहिली नसेल तर पण परत ठेवा.

कॉसमॉसची गोष्ट वेगळी. ते कधी पेरलंत ते लिहिलं नाहीत पण माझा अंदाज नोव्हेंबर-डिसेंबर. कॉसमॉसला दिवस लहान झाले की फुलायची घाई होते, मग झाड वाढायच्या आधीच कळी धरतं. त्याला उंची हवी तर दिवस जरा मोठे असतानाच, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, आडोशाला पेरा. आणि खत कमी घाला, कॉसमॉसला लाडावलं की नुसता पाला.

चौथ्या मजल्यावर सहा तास थेट ऊन आहे का ते आधी घड्याळ लावून बघा. असेल तर बारा इंची कुंडीत उंच झिनियाची तीन झाडं, त्यापेक्षा जास्त नाही. झाड वीतभर झालं, तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की वरचा शेंडा नखाने खुडायचा. जीवावर येतं माहीत आहे, मला पण पहिल्या वर्षी आलं होतं आणि मी अर्धीच खुडली, मग न खुडलेल्यांनी एकेक मोठं फूल दिलं आणि खुडलेल्यांनी लांब दांडीच्या सहा-सात फांद्या. तेव्हापासून हात थरथरत नाही. पहिलं फूल कापताना पण खोलवर, दोन-तीन पेरं खाली जाऊन कापा, वरवर कापलंत तर पुढच्या दांड्या आखूडच येतात.

रोपं छान उगवतात आणि चार दिवसांनी मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. रोज पाणी घालते तरी! (म्हापसा)

'तरी' नाही हो, 'म्हणून'. रोज घातलेल्या पाण्यानेच ती मरतात. मातीतली बुरशी ओल्यात देठ मातीलगत कुजवते आणि रोप कोलमडतं, एकदा पडलं की उठत नाही. बागेतली माती ट्रेमध्ये घालू नका, धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत घ्या, ट्रे जुना असेल तर घासून उन्हात वाळवा. बी विरळ टाका, चिमटीने, मिठासारखं शिवरू नका. पाणी ट्रेच्या खालून, थाळीत ठेवून, आणि वरचा थर सुकल्यासारखा दिसला तरच. पंख्याची हलकी हवा मिळाली तर उत्तम. पेरताना कोकोपीटात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर फायदा होतो. आणि उगवल्या दिवसापासून उजेडात ठेवा, खिडकीपासून लांब ठेवलेली रोपं लांबुडकी होतात आणि तीच पहिली पडतात. पावसात गोगलगायींकडे पण लक्ष असू दे, रोपं अख्खी गायब होत असतील तर ती बुरशी नाही, रात्री टॉर्च घेऊन बघा.

ट्युलिप, लॅव्हेंडर आणि स्टॉक बियांपासून गोव्यात होईल का? (काणकोण)

नाही, नाही, आणि मी करून बघितलंय, नाही. ट्युलिप कंदापासून करतात आणि त्या कंदाला आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. लॅव्हेंडर आपल्या पावसात मुळापासून कुजतं. स्टॉकला (सुवासिक तुऱ्याचं फूल ते) फुलायला थंड रात्री लागतात, आमच्याकडे जानेवारीत पण रात्री विशीच्या आसपासच, माझ्या स्टॉकने मार्चपर्यंत सुंदर कोबीसारखी पानं दिली. उभ्या तुऱ्याचं फूलच हवं असेल तर स्नॅपड्रॅगन करून बघा, ऑक्टोबरात, बी मातीवर नुसतं ठेवायचं, झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. फुलली तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलेल, मार्चच्या उकाड्यात संपेल.

फुलं सकाळी कापली की संध्याकाळपर्यंत माना टाकतात. पाण्यात ऍस्पिरिन टाकलं, साखर टाकली, तांब्याचं नाणं पण टाकलं. (मडगाव)

नाणं काढून देवघरात ठेवा. आधी मला सांगा सकाळ म्हणजे किती वाजता, कारण नऊ वाजताची गोव्यातली सकाळ फुलांसाठी दुपारच आहे. उजाडता उजाडता कापा, दव सुकायला लागायच्या वेळेला, आणि बादली सोबत न्या, कापून टोपलीत ठेवून मग घरात येऊन पाण्यात घालणं म्हणजे तिथेच अर्धा दिवस गेला. बादली घासलेली हवी, म्हणजे तुम्ही त्यातून पाणी प्याल इतकी. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, ती कुजतात, जंतू वाढतात, आणि देठातल्या नळ्या त्यांनीच बुजतात. पाणी भरपूर आहे तरी फूल तहानेलं, असा प्रकार होतो.

मग ती बादली काळोख्या, गार खोलीत तीन-चार तास नुसती ठेवा. फुलांनी पाणी पोटभर प्यायलं की मगच बांधायला घ्या. हे कुणी करत नाही, आणि सगळा फरक इथेच पडतो.

दुसरं, कुठल्या अवस्थेत कापता? झिनिया अर्धी उमललेली कापली तर पुढे उमलत नाही, मान टाकते. तिची परीक्षा सोपी, फुलाच्या खाली वीतभरावर दांडी धरून हलकी हलवा, मान डोलली तर अजून कच्ची, काठीसारखी ताठ राहिली तर काढा. सूर्यफुलाचं उलट, पाकळ्या नुकत्या उचलायला लागल्या की काढायचं, बाकीचं ते घरात उमलतं. कॉसमॉस पण पहिली पाकळी सुटताना. अ‍ॅस्टरच्या बाहेरच्या पाकळ्या उघडल्या आणि मधला पिवळा भाग अजून घट्ट आहे तेव्हा. रोजां, म्हणजे आपला झेंडू, मात्र पूर्ण फुललेलाच, अर्धा कापलात तर तो अर्धाच राहतो.

पाण्यात घालायचं असेल तर एक लिटरला एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे थोडे थेंब. साखर खाऊ म्हणून, लिंबू पाणी देठात चढायला सोपं जावं म्हणून, ब्लीच जंतूंसाठी. नुसती साखर टाकली होतीत ना, त्याने जंतूंचंच जेवण झालं. पाणी एक दिवसाआड बदला, देठ बोटभर पुन्हा तिरका कापा. फुलदाणी केळ्यांच्या घडाजवळ किंवा पिकलेल्या आंब्यांजवळ ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्याने फुलं पण 'पिकतात'. म्हणूनच घरच्या फ्रिजमध्ये पण नको, आणि झिनियाला तर थंडीच सोसत नाही.

तो हिरवा स्पंज पण सोडा, तो प्लास्टिकच असतो, मातीत कुजत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोळा करून भांड्यात बसवा, दांड्या हव्या तशा उभ्या राहतात, धुऊन पुन्हा वापरता येते.

घरामागे २०० चौरस मीटर आहे. कापायची फुलं लावून हॉटेलांना विकली तर महिन्याला चांगले पैसे सुटतील का? (वाळपई)

भाऊ, खरं सांगू का, रोजच्या गुलाब-जर्बेरात उतरू नका. ती फुलं बेळगावच्या बाजूने येतात, पॉलीहाउसमधली, आणि त्या भावात तुम्हाला परवडणार नाही. तुमच्याकडे दुसरी गोष्ट आहे. ट्रकमधून येऊ न शकणारी फुलं, झिनिया, कॉसमॉस, पिकलेल्या शेपूच्या छत्र्या, जी पेटीत घातली की मोडतात, ती तुम्ही पहाटे कापून दहा वाजता देऊ शकता. लग्नांचे डेकोरेटर आणि छोटे होमस्टे अशी फुलं शोधत असतात. आधी एक मोसम अर्ध्या जागेत करा, दांड्या मोजा, वहीत लिहा, नमुन्याचे दोन बुके फुकट नेऊन द्या आणि मग बघा कोण पुन्हा फोन करतो.

आणि गोव्याचं कॅलेंडर आपल्या बाजूचं आहे हे विसरू नका. दसऱ्याला रोजां, त्यासाठी जुलैत गादीवाफ्यावर रोपं हवीत. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक कबरींवर फुलं वाहतात, त्या आठवड्यात कोंबडा, बटन फुलं आणि झेंडू सगळं उचललं जातं, त्यासाठी ऑगस्टमध्ये पेरणी. ३ डिसेंबरचं जुने गोवेचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव), मग नाताळ, मग जानेवारीतली लग्नं. जून ते सप्टेंबर मात्र पावसात फक्त कोंबडा, बटन फुलं आणि पिवळा-केशरी कॉसमॉस तग धरतात, झिनियाची पानं डागाळून जातात, त्या चार महिन्यांच्या कमाईचा हिशोब शून्य धरा. जुने गोवे इथे किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे, लागवड मोठी करायच्या आधी तिथे एक फेरी मारून या.

झिनिया आणि झेंडूचं बी घरीच धरता येईल का? गेल्या वर्षी धरलं, डब्यात बुरशी आली. (पेडणे)

येईल. पाकिटावर 'एफ-१' (म्हणजे संकरित) लिहिलेलं असेल तर त्याचं नको, पुढच्या पिढीत रंग आणि उंची कशीही येते. साध्या जातीत सगळ्यात उंच, निरोगी झाडाला दोरा बांधून ठेवा, त्याची फुलं कापायची नाहीत, कितीही मोह झाला तरी. लोक नेमकं उलटं करतात, चांगली फुलं कापून नेतात आणि शेवटी उरलेल्या मरतुकड्या बोंडाचं बी धरतात, मग तीन वर्षांत झाडं बुटकी झाली म्हणून मलाच विचारतात.

बोंड झाडावरच तपकिरी, कोरडं होऊ द्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, पाऊस यायच्या कितीतरी आधी. सावलीत कागदावर आठ-दहा दिवस पसरा. बुरशी आली कारण बी ओलसर असताना डब्यात गेलं. बियांच्या साठवणीत जुना ठोकताळा आहे, बियातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणून घट्ट झाकणाची काचेची बाटली, त्यात नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या (तव्यावर हलक्या गरम करून कोरड्या केलेल्या), त्या नसतील तर भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत, आणि बाटली फ्रिजमध्ये दाराला. पेरायच्या वेळी बाटली बाहेर काढल्या काढल्या उघडू नका, तासभर तशीच ठेवा, नाहीतर गार बियांवर आपल्या दमट हवेचं पाणी धरतं. बाटलीवर नाव आणि वर्ष लिहा. माझ्याकडे 'पिवळं, छान' एवढंच लिहिलेली एक बाटली आहे, चार वर्षं झाली, ते काय आहे मला अजून कळलेलं नाही, या ऑक्टोबरात पेरणार आहे.